अडखळत वाचणाऱ्या नववीतल्या मुलाला कोणते पुस्तक द्यावे?

हायस्कूलमधल्या मराठीच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यानंतर मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या गावच्या वाचनालयात शनिवारी दुपारी बसू लागलो. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे आठवी ते दहावीची मुले जेवून तिकडे येतात. काही आपणहून येतात, काहींना घरचे पाठवतात. पाठवणाऱ्या पालकांचे मागणे बहुधा एकच असते : "सर, ह्याला वाचायची आवड लागंल असं एखादं पुस्तक द्या की." मागणे आवडीचे असते, पण मुलगा समोर बसून वाचू लागला की अडचण आवडीच्या फार आधीची आहे, हे ध्यानात येते. ज्याला एका पानाशी कितीतरी वेळ झगडावे लागते आणि झगडूनही हाती काही लागत नाही, त्याला वाचन आवडावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? म्हणून आवडीचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून, अशा मुलाला खरोखर वाचता येईल असे पुस्तक कसे निवडावे, याविषयी मी जे पाहिले आणि जे वाचून समजून घेतले, ते येथे लिहीत आहे.

ही अडचण आपल्या सीमाभागापुरती नाही. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने निघणाऱ्या 'असर' अहवालाने 2023 साली 14 ते 18 या वयोगटाची पाहणी केली. 26 राज्यांतल्या 28 जिल्ह्यांत झालेल्या या पाहणीत सुमारे चारांपैकी एकाला आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही अस्खलित वाचता येत नसल्याचे दिसले. दुसरीच्या पातळीचा मजकूर म्हणजे थोड्या सोप्या वाक्यांची लहानशी गोष्ट. ती ज्याला जड जाते त्याच्यापुढे आठवीपासून इतिहास, भूगोल, विज्ञान यांची पाने येऊन पडतात, तेव्हा तो वाचणे टाळू लागतो, टाळल्यामुळे मागे राहतो आणि मागे राहिल्यामुळे आणखी टाळतो. कीथ स्टॅनोविच या अभ्यासकाने 1986 साली या चक्राची सविस्तर मांडणी केली होती. आपल्याकडच्या मराठी शाळांतल्या मुलांवर आणखी एक भार असतो : देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या त्यांना बरोबरीने शिकाव्या लागतात, आणि घरी जी मराठी ते बोलतात ती पुस्तकातल्या मराठीपासून बरीच दूर असते. घरी "काय करूलालास?" असे ऐकत वाढलेल्या मुलाला "तू काय करीत आहेस?" हे वाक्य कळते, पण ते त्याच्या कानाचे नसते.

पुस्तक निवडण्याआधी मूल नेमके कोठे अडते ते पाहावे लागते, आणि बहुतेक पुस्तक-याद्या निरुपयोगी ठरतात त्या येथेच, कारण 'वाचनात कच्चे' या एका शेऱ्याखाली तीन निरनिराळ्या प्रकारची मुले असतात. गॉफ आणि टनमर या दोन संशोधकांनी 1986 मध्ये एक साधी मांडणी केली. वाचून समजणे हा लिपी उलगडण्याची क्षमता आणि ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता या दोहोंचा गुणाकार आहे, असे ते म्हणतात. गुणाकार असल्यामुळे दोहोंपैकी एक शून्याजवळ गेले की दुसरे कितीही मोठे असून उपयोग नसतो. या दोन गोष्टींमध्ये मी अनुभवाने तिसरी घालतो, ती म्हणजे वेग. कारण अक्षर न अक्षर बरोबर वाचणारी, पण वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ विसरणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत.

तपासण्याची रीत सोपी आहे. मुलाला बाजूला, इतरांना ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी बसवावे आणि निवडलेल्या पुस्तकाच्या मधल्या एखाद्या पानावरचे सुमारे शंभर शब्द मोठ्याने वाचायला सांगावे. पहिले पान घेऊ नये, कारण लेखकाने पहिल्या पानावर कष्ट घेतलेले असतात. एमेट बेट्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने 1946 साली घालून दिलेले प्रमाण आजही कामी येते : शंभरांत एखादाच शब्द अडला तर ते पुस्तक मूल एकटे वाचू शकते, पाचेक अडले तर कोणाच्या मदतीने वाचू शकते, आणि दहाहून अधिक अडले तर ते पुस्तक मुलाला केवळ नाउमेद करते. मात्र हे प्रमाण इंग्रजीसाठी बांधलेले आहे. मराठीत 'शेतकऱ्यांकडूनसुद्धा' हा छापील एक शब्द असला तरी वाचणाऱ्याला त्यात मूळ शब्द, त्याचे सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय आणि पुन्हा अव्यय इतके टप्पे ओलांडावे लागतात. म्हणून मी शब्दांबरोबर असे लांबलेले शब्द एका पानावर किती आहेत, हेही पाहतो.

मोजताना एक पथ्य मात्र काटेकोरपणे पाळावे. मूल 'पाणी' हा शब्द 'पानी' असा वाचते, 'प्रकाश'चे 'परकाश' करते, किंवा घरी कन्नड बोलणारे मूल 'घर' वाचताना 'ग'च्या जवळ जाते. अर्थ कळत असेल तर ही चूक धरू नये. ती त्याची बोली आहे. वाचताना दर दोन शब्दांनी उच्चार सुधारणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांच्या वर्गातली मुले उच्चार तरी सुधारतात की नाही कोण जाणे, पण मोठ्याने वाचण्याचे धाडस मात्र गमावतात. उच्चारशुद्धीचा तास निराळा ठेवावा.

पहिल्या प्रकारचे मूल जोडाक्षरांवर अडते. आपल्याकडे याला एक खास कारण आहे. कन्नडात जोडाक्षरातले पहिले व्यंजन पूर्ण लिहून दुसरे त्याच्याखाली लावतात, तर देवनागरीत बहुधा पहिल्याचीच दांडी जाते आणि दुसरे पूर्ण राहते. शिवाय आपला 'र' हा तर चार ठिकाणी चार रूपांनी येतो, 'प्रवास', 'ट्रक', 'सूर्य' आणि 'दुसऱ्या' हे शब्द शेजारी शेजारी लिहून पाहावेत. दोन्ही लिप्या अर्धवट स्थिरावलेल्या मुलाला हे घोटाळ्यात पाडते. अशा मुलासाठी गद्यापेक्षा आधी पद्य निवडावे, कारण तालामुळे पुढचा शब्द अंदाजाने येतो आणि अंदाज बरोबर आला की अक्षराची ओळख पक्की होते. आमच्या भागात वारकरी परंपरा घरोघरी आहे, पुष्कळ मुलांना हरिपाठ तोंडपाठ असतो. छापील हरिपाठाची लहानशी पुस्तिका हे अशा मुलासाठी मला सापडलेले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वाचनसाहित्य आहे. मूल न पाहताच म्हणत सुटते, हा धोका खरा, त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीपासून न म्हणवता मधल्याच एखाद्या ओळीवर बोट ठेवून तेथून वाचायला सांगणे. चित्रकथा, संवाद अधिक असलेली नाटुकली यांचाही असाच उपयोग होतो, कारण एकेका वाक्याची लांबी थोडी असते आणि बोलणाऱ्याचे नाव पुन्हा पुन्हा येते.

दुसऱ्या प्रकारच्या मुलाचे अक्षरज्ञान पुरेसे असते, पण गती नसते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे कोणी, कोणाला, कशाने, कोठे हे सगळे मनात धरून ठेवून शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचावे लागते. सावकाश वाचणाऱ्याची ही शिदोरी वाटेतच सांडते. अशा मुलासाठी पुस्तक निवडताना मी विषय नंतर पाहतो, आधी वाक्ये पाहतो. सात-आठ शब्दांत क्रियापद येते का, संवाद पुरेसे आहेत का, परिच्छेद अर्ध्या पानाहून लहान आहेत का? व्यंकटेश माडगूळकरांचे गद्य या कसोटीला उत्तम उतरते, आणि ते मोठ्या माणसांसाठी लिहिलेले असल्यामुळे मुलाला आपल्याला कमी लेखले असे वाटत नाही. याच मुलांच्या बाबतीत एकच मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्याचा लाभ फार होतो, एस. जे. सॅम्युएल्स यांनी 1979 मध्ये ही पद्धत मांडली आणि तिच्यावर पुढे बरेच काम झाले. मात्र नववीतला मुलगा तेच पान चार वेळा वाचायला तयार होत नाही, त्याला निमित्त लागते. मी त्याला पहिली-दुसरीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायचे काम देतो. लहानांपुढे नीट वाचता यावे म्हणून तो घरी त्या चित्रपुस्तकाची तालीम करतो. एरवी ते पुस्तक हातात धरायलाही तो लाजला असता.

तिसऱ्या प्रकारचे मूल सर्वांत फसवे असते. ते घडाघडा वाचते, वर्गात शाबासकी मिळवते, आणि वाचून झाल्यावर काय वाचले हे त्याला सांगता येत नाही. येथे लिपीचा दोष नसतो, शब्दसंग्रह आणि विषयाची ओळख यांची उणीव असते. या बाबतीत मला सर्वांत अधिक शिकवून गेलेला प्रयोग डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केला. सातवी-आठवीतल्या 64 मुलांना त्यांनी बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. त्यांत चांगले वाचणारे आणि कच्चे वाचणारे होते, तसेच खेळ जाणणारे आणि न जाणणारे होते. खेळ जाणणाऱ्या कच्च्या वाचकांना ते वर्णन, खेळ न जाणणाऱ्या चांगल्या वाचकांपेक्षा अधिक समजले. बेसबॉल आपल्याला परका असला तरी निष्कर्ष आपल्या कामाचा आहे : वाचनाची पातळी मुलाला कायमची चिकटलेली नसते, ती विषयागणिक बदलते.

माझा सगळा अनुभव याच एका मुद्द्याकडे येतो. अडखळणाऱ्या मुलाला ज्या विषयात आपल्यापेक्षाही अधिक कळते, त्या विषयाचे पुस्तक त्याला आधी द्यावे. पातळी, पाने, बक्षीसप्राप्त लेखक, हे सगळे त्यानंतर. येळ्ळूरपासून खानापूरपर्यंत कुस्तीची आवड किती आहे, हे बाहेरच्यांना सांगावे लागते, आपल्याला नाही. तालमीत जाणारा एक मुलगा क्रमिक पुस्तकातला पाठ वाचताना प्रत्येक ओळीला थांबत असे, त्याच्यापुढे मी वर्तमानपत्रातले एका कुस्ती-मैदानाचे वृत्त ठेवले. 'निकाली', 'चितपट', 'घिस्सा' हे शब्द त्याने न थांबता वाचले; त्यांत जोडाक्षरही होते. वाचून झाल्यावर बातमीदाराने एका डावाचे नाव चुकीचे छापले आहे, असे त्याने मला सुनावले. ज्याला छापलेल्या मजकुरातली चूक दाखवता येते त्याला वाचता येत नाही, असे कसे म्हणावे? त्यानंतर जुन्या मल्लांवरचे लेख, मग एका मल्लाचे लहान चरित्र, असे तो पुढे गेला. वस्ताददेखील नव्या पोराला मैदानात बरोबरीची जोड पाहूनच उतरवतात, पहिल्याच दिवशी नामांकित मल्लासमोर उभे करीत नाहीत.

दुसरे उदाहरण कणकुंबीच्या बाजूच्या एका मुलीचे. तिकडची गावे भीमगड अभयारण्याच्या परिसरात आहेत. अस्वल कोणत्या दिवसांत वस्तीजवळ येते, कोणत्या झाडाला कधी फळ धरते, हे ती न विचारता सांगत असे, पण दहा ओळींचा उतारा वाचून त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे तिला येत नसत. मारुती चितमपल्ली यांचे अरण्यविषयक लेखन सामान्यतः अशा मुलांच्या यादीत कोणी घालणार नाही, कारण त्यात पक्ष्यांची, झाडांची अपरिचित नावे पुष्कळ आहेत. मी तिला त्यांचे छोटे लेख निवडून दिले. विदर्भातल्या जंगलातले एखादे नाव तिच्याकडे वेगळे होते, पण वर्णनावरून ती झाड ओळखत असे आणि आपल्याकडचे नाव समासात पेन्सिलीने लिहून ठेवत असे. वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये हा नियम मी त्या पुस्तकापुरता मोडू दिला.

याच रीतीने आपल्या भागातून विषय काढता येतात. निपाणीकडच्या मुलाला तंबाखूचे पीक, चिकोडीकडच्याला उसाचे आणि साखर कारखान्याचे गणित, खानापूरच्या कुंभारवाड्यातल्या मुलाला माती आणि भट्टी, मलप्रभेच्या काठच्या मुलाला नदी. शेतीविषयक मासिके, बियाण्यांच्या आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका, दुचाकीच्या देखभालीची पुस्तिका, हे सगळे वाचनसाहित्यच आहे. दिवाळीत आमच्याकडची मुले मातीचे किल्ले करतात, तेव्हा राजहंसगडापासून पारगडापर्यंतच्या किल्ल्यांची नकाशासह माहिती देणारी पुस्तके मी मुद्दाम टेबलावर मांडून ठेवतो. बुरूज कोठे बांधायचा यावर वाद झाला की मुले आपोआप पान उलगडतात. साहित्यिक मूल्याचा आग्रह धरणाऱ्या माझ्या काही मित्रांना हे पटत नाही. कथा-कादंबरीला मी परका नाही, आयुष्यभर तीच शिकवली. पण वाचनाची वाट कथेपासूनच सुरू व्हावी, हा हट्ट कच्च्या वाचकावर लादण्याचे मला कारण दिसत नाही.

मुलाच्या मानाचा प्रश्न मात्र प्रत्येक निवडीत आडवा येतो. चौदा वर्षांच्या मुलाला वाचता येण्याजोगे पुस्तक बहुधा आठ वर्षांच्या मुलासाठी काढलेले असते. मुखपृष्ठावर ससा असतो, आत मोठ्या ठशात 'एक होता राजा' असते, आणि ते हातात घेतलेले मित्रांनी पाहिले तर त्याची फजिती ठरलेली. ब्रिटनमध्ये या अडचणीवर 1998 साली एडिंबरा येथे बॅरिंग्टन स्टोक नावाची प्रकाशन संस्था निघाली. वय मोठे आणि वाचन कच्चे अशा मुलांसाठी ती मुद्दाम पुस्तके काढते, कथानक वयाला शोभेल असे आणि भाषा, ठसा, कागद वाचायला सोपे असे. मराठीत अशा पुस्तकांची सलग मालिका माझ्या पाहण्यात नाही, आणि मराठी प्रकाशकांनी या गोष्टीचा विचार करावा असे मला फार वाटते. तोवर आपल्यालाच पुस्तके पारखून घ्यावी लागतात. मोठा ठसा, ओळींमध्ये मोकळी जागा, मागचा मजकूर न दिसणारा जाड कागद, लहान प्रकरणे, आणि मुखपृष्ठावर बालिशपणाची खूण नाही, एवढे पाहून मी पुस्तक घेतो. जाडीही पाहावी. शंभर पानांच्या आतले पुस्तक पुरे होते, आणि एक पुस्तक स्वतः पुरे केल्याचा अनुभव या मुलांपैकी अनेकांना त्या वयापर्यंत आलेलाच नसतो.

मराठी किशोर-साहित्याविषयी एक तक्रार येथे नोंदवतो. त्यातली बरीच पात्रे पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत राहतात, सुटीत शिबिराला जातात आणि त्यांच्या तोंडची मराठी आमच्या मुलांना दूरदर्शनवरच्या बातम्यांसारखी वाटते. तरीही भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आमच्याकडे अजून चालतो. मला वाटते, तो मुळात फुरसुंगीचा, म्हणजे गावाकडून पुण्यात शिकायला आलेला मुलगा आहे, याचा यात वाटा असावा. आठवीला गाव सोडून बेळगावच्या हायस्कुलात जाणाऱ्या मुलांना ते ओळखीचे वाटते. शिवाय ती मालिका आहे, आणि कच्च्या वाचकाला मालिकेचा फायदा मोठा होतो : पात्रे, त्यांच्या लकबी, लेखकाची वाक्यरचना हे सगळे पहिल्या पुस्तकात एकदा ओळखीचे झाले की दुसऱ्या पुस्तकात नव्याने झगडावे लागत नाही. ग्रामीण बोलीतल्या कथाही मी ठेवतो. कोल्हापूरकडची बोली आमच्या बोलीला जवळची, त्यामुळे शंकर पाटलांची एखादी विनोदी कथा मोठ्याने वाचली की मुले हसतात आणि मग उरलेली कथा कोण वाचणार यासाठी हात वर होतात. बोलीचे लिखित रूप प्रथम डोळ्यांना अवघड जाते हे खरे, म्हणून अशा कथेचा आरंभ मी स्वतः वाचून देतो.

'श्यामची आई' हे पुस्तक भेट म्हणून सर्वांत अधिक दिले जाते, म्हणून त्याविषयी थोडे. साने गुरुजींची भाषा सोपी आहे, आणि पुस्तक एकेका रात्रीच्या प्रकरणांत विभागलेले असल्यामुळे तुकड्या-तुकड्यांनी वाचता येते. पण त्यातले कोकणातले घर, त्यातले सोवळे-ओवळे, व्रते आजच्या मुलाला परकी आहेत. ते कच्च्या वाचकाच्या हाती एकट्याने वाचायला देऊ नये, कोणीतरी वाचून दाखवावे. बोधकथांच्या आणि थोरांच्या गोष्टींच्या पुस्तकांविषयी मी अधिक कठोर आहे. त्याग, कर्तव्य, निष्ठा अशा भाववाचक नामांनी ती भरलेली असतात आणि घडते त्यांत फार थोडे.

नियमाला अपवाद करावा लागतो तो इच्छेपुढे. 2025 च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला आणि शिवाजी सावंतांची ती जाडजूड कादंबरी आमच्याकडे एकदम मागितली जाऊ लागली. मागणाऱ्यांत पाच ओळी धड न वाचणारी मुलेही होती. बेट्सच्या प्रमाणाने ती कादंबरी त्यांच्यासाठी साफ नाकारायला हवी, कारण तिची भाषा संस्कृतप्रचुर आहे आणि वाक्येही सोपी नाहीत. मी ती दिली. कथा चित्रपटामुळे ठाऊक होती, शंभूराजांविषयी प्रेम शिवजयंतीच्या चित्ररथांपासून होतेच, आणि एवढे मोठे पुस्तक काखेत मारून गावातून जाण्याचा अभिमानही होता. पुढे मी एक प्रसंग वाचून दाखवायचा आणि त्यातले संवाद मुलांनी वाटून घेऊन वाचायचे, असे आम्ही केले. कोणीही ती पूर्ण केली नाही. पण त्यांतल्या दोघांनी मग त्याच काळावरचे लहान पुस्तक मागितले, आणि ते मात्र पूर्ण केले.

कन्नड पुस्तकांचा विषय आपल्याकडे नाजूक आहे, तरी टाळता येत नाही. कर्नाटकात 2015 च्या कायद्याने शाळांत कन्नड शिकणे अनिवार्य झाले आहे, आणि ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत, ज्यांना आता अरिवु केंद्र म्हणतात, जवळ असतात ती मुख्यतः कन्नड पुस्तके. मराठी मुलाच्या हाती कन्नड गोष्टीचे पुस्तक दिले की काही वडीलधाऱ्यांना मराठी निसटल्यासारखे वाटते. मला त्यांची भावना समजते, पण मत निराळे आहे. ओळीवर नजर टिकवणे, पुढच्या शब्दाचा अंदाज बांधणे, न कळले तर मागे जाणे, ही कौशल्ये एका भाषेत कमावली की दुसरीत कामी येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या 2015 साली सुरू झालेल्या संकेतस्थळावर कित्येक गोष्टी मराठीत आणि कन्नडातही मोफत मिळतात, आणि त्यांच्या चार पातळ्या केलेल्या आहेत. पहिल्या पातळीत अडीचशेच्या आत शब्द, चौथीत दीड हजारांहून अधिक. ज्या भाषेत मुलाची वाणी अधिक चालते तिच्यात गोष्ट आधी वाचून घ्यावी, मग तीच दुसऱ्या भाषेत द्यावी. कथा ठाऊक असल्यामुळे उरते ते केवळ वाचन. तिसऱ्या-चौथ्या पातळीतल्या विज्ञानाच्या आणि साहसाच्या गोष्टी मोठ्या मुलांनाही चालतात, आणि मोबाईलवर वाचत असल्यामुळे मुखपृष्ठाची लाज आड येत नाही.

पुस्तके मिळवण्याची सोय आपल्याकडे वाटते तितकी वाईट नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचे आहे. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव येथे मराठी साहित्य संमेलने भरतात, तेथे पुस्तकांची दुकाने लागतात, आणि मुलांना बरोबर नेऊन त्यांच्या हाताने निवडू देण्यासाठी तो दिवस चांगला असतो. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके अजून स्वस्त आहेत. महाराष्ट्राच्या 'बालभारती'चे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मी त्यांतले दोन-तीन पानांचे लेख छापून एकेक फाईल करून ठेवली आहे, कारण पुस्तकाला घाबरणारे मूल सुट्या पानांना घाबरत नाही. दिवाळी अंक मात्र आपल्याकडे अवेळी येतात, कर्नाटकातल्या शाळांची मोठी सुटी दसऱ्याला होऊन गेलेली असते.

पुस्तक दिल्यावर काय करू नये, हेही निवडीइतकेच पाहावे लागते. वाचून झाल्यावर सारांश लिहून आण, तात्पर्य सांग, असे मी सांगत नाही. न आवडलेले पुस्तक अर्ध्यावर परत करण्याची मुभा देतो, पण परत करताना ते कोठे सोडले ते पान दाखवायला लावतो. ते पान पाहिले की पुढचे पुस्तक निवडणे सोपे जाते : पहिल्या दहा पानांत सोडले असेल तर बहुधा भाषा जड गेली, मध्यावर सोडले असेल तर गोष्ट रेंगाळली.

दहावीच्या पालकांचा आक्षेप शेवटी येतोच, की परीक्षेच्या वर्षी ही अवांतर पुस्तके कशाला. एसएसएलसीत, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेत, प्रथम भाषेची लेखी प्रश्नपत्रिका 100 गुणांची आहे आणि मराठी माध्यमाच्या मुलाला समाजशास्त्र, विज्ञान, गणित या विषयांचे प्रश्नही वाचूनच समजावे लागतात, एवढे मी त्यांना सांगतो. त्यातूनही कोणी ऐकले नाही तर मी वाद घालत नाही. त्यांच्या मुलाला जून ते दसरा या काळात, म्हणजे परीक्षेची धास्ती घरात शिरण्याआधी, आठवड्याला दोन-तीन पानांचा एखादा लेख देतो, आणि तो त्याच्या आवडीच्या विषयावरचा असेल एवढे पाहतो.